झिजतो कार्बन, वाचते मोटर

मिक्सर, वॉशिंग मशीन, सुताराचे ड्रिल, मोटारीचा डायनॅमो किंवा वीजकेंद्रातले अजस्र जनित्र, या साऱ्यांच्या पोटात एक काळा तुकडा मुकाट्याने झिजत असतो. त्याचे नाव कार्बन ब्रश. तो झिजतो म्हणून यंत्र टिकते. मात्र तो जास्त दिवस टिकावा यासाठी शास्त्रज्ञ सव्वाशेहून अधिक वर्षे डोके झिजवत आहेत. त्या धडपडीची ही गोष्ट, आणि घरातल्या मोटरी सांभाळण्यासाठी चार उपयोगी सूचना.

दिवाळीला चार दिवस उरले होते. आमच्या शेजारच्या काकू फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्या वर्षी चाळीस डब्यांची नोंद झाली होती. पिठीसाखर दळायला मिक्सर लावला आणि खालच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसू लागल्या. खरे तर त्या आठवडाभर दिसत होत्या, पण कामाच्या धांदलीत तिकडे कोण बघतो! मग जळका वास आला, मोटर घरघरली आणि थांबली ती थांबलीच.

पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी मिक्सर उघडला. चिमटीत मावेल एवढा काळा तुकडा त्यांनी तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "काकू, ठिणग्या दिसल्या तेव्हाच आणला असतात तर कार्बनच्या जोडीवर भागलं असतं. आता कार्बन संपून स्प्रिंग तांब्यावर घासली आहे. आर्मेचर गेलं."

ऑर्डर पुरी झाली, पण शेजारच्या तीन घरांचे मिक्सर मागून आणून. आर्मेचरच्या खर्चात त्या वर्षीच्या कमाईचा मोठा घास गेला. थोडक्या पैशांचा तुकडा वेळेवर बदलला नाही म्हणून हे सारे घडले. तेव्हापासून मनात प्रश्न घोळत होता. इतक्या महत्त्वाच्या जागी इतका नाजूक तुकडा का ठेवतात? आणि ठेवायचाच तर तो न झिजणारा का बनवत नाहीत?

ब्रश कशाला हवा?

मिक्सरच्या मोटरीत मधोमध फिरणारा भाग असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. त्याच्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. या वेटोळ्यांना वीज द्यायची, पण ती तर गरगर फिरत असतात. तार सरळ जोडली तर क्षणात पिळून तुटेल. म्हणून वेटोळ्यांची टोके आर्मेचरच्या दांड्यावर बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्याला जोडतात. हा कॉम्युटेटर. त्याच्या दोन बाजूंना स्थिर बसलेले दोन कार्बनचे तुकडे स्प्रिंगच्या जोराने टेकलेले असतात. वीज एका तुकड्यातून आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते.

हे घासणे किती वेगाचे असते याचा अंदाज घेऊ. मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा हजार फेरे सहज घेते. कॉम्युटेटर तीन सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर कार्बनच्या टोकाखालून तांबे ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने सरकत असते! महामार्गावरची भरधाव मोटारगाडी थांबू न देता एका बोटाने सतत दाबून धरावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय त्या बोटातून वीजही वाहायला हवी.

केरसुणीपासून कोळशापर्यंत

या तुकड्याला ब्रश का म्हणतात? त्याला केस नाहीत, दांडा नाही. याचे उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीच्या जनित्रांत तांब्याच्या तारांचे जुडगे किंवा तांब्याच्या पत्र्या कॉम्युटेटरवर टेकवत. ते खरोखर कुंच्यासारखे दिसत. तांबे वीज उत्तम वाहून नेते, तेव्हा हीच वस्तू योग्य असे सगळ्यांना वाटणे साहजिक होते. पण त्यातून ठिणग्यांचा पाऊस पडे आणि तांब्यावर तांबे घासून दोन्ही खराब होत. भार कमी-जास्त झाला की माणसाला जवळ उभे राहून ब्रशची जागा हलवत राहावे लागे.

१८८५ मध्ये स्कॉटिश विद्युत अभियंता जॉर्ज फोर्ब्झ याने कार्बनच्या ब्रशचे पेटंट घेतले. तांब्याच्या तुलनेत कार्बन विजेला कितीतरी जास्त अडवतो. मग असा वाहक इथे कशाला? गंमत अशी, की त्याचा हा 'दुर्गुण'च इथे गुण ठरला. आर्मेचर फिरताना ब्रश एकाच वेळी शेजारच्या दोन पट्ट्यांना स्पर्श करतो. त्या क्षणी त्या पट्ट्यांमधल्या वेटोळ्यातल्या विजेची दिशा उलटायची असते. वाहती वीज सहजासहजी दिशा बदलत नाही. ती हट्टाने पुढे धावू पाहते आणि ठिणगी उडते. कार्बनचा अडथळा हा हट्ट मोडतो. ठिणगी पुष्कळ कमी होते आणि ब्रशची जागा सारखी हलवावी लागत नाही. १८८८ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स व्हॅन डेपोल याने ट्रामच्या मोटरींत कार्बनचे ब्रश वापरून दाखवले आणि विजेच्या ट्रामगाड्यांचा मार्ग मोकळा झाला.

काजळीची भट्टी

'कार्बन' म्हटले की आपल्याला चुलीतला कोळसा आठवतो. ब्रशचा कार्बन त्याच कुळातला, पण त्याच्यावर फार संस्कार झालेले असतात. खनिज तेल शुद्धीकरणातून उरणारा कोक, ग्रॅफाइट, आणि चक्क काजळी हा त्याचा कच्चा माल. ही बारीक भुकटी डांबरासारख्या चिकट पदार्थात मळतात, प्रचंड दाबाने तिचे ठोकळे पाडतात आणि हवा न लागू देता भट्टीत भाजतात. ही भट्टी घाईची नव्हे. आच हळूहळू वाढवावी लागते, नाहीतर आतून निघणाऱ्या वायूंनी ठोकळे तडकतात. अनारसे भरभर तळले तर हसतात, तसेच.

कार्बनच्या नुसत्या भाजलेल्या ठोकळ्याला पुढे विजेच्या भट्टीत अडीच हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापवले, की त्यातल्या अस्ताव्यस्त कणांची नीट थरांत मांडणी होते आणि कार्बनचे ग्रॅफाइट बनते. हा कृत्रिम ग्रॅफाइटचा शोध अमेरिकेच्या एडवर्ड ॲचेसनचा. त्याचे पेटंट १८९६ चे आहे. आपली शिसपेन्सिल आठवा. तिच्यात शिसे नसतेच, असते ते ग्रॅफाइट आणि माती. कागदावर पेन्सिल जशी हळुवार सरकते आणि मागे काळी रेघ ठेवते, तसाच ग्रॅफाइटचा ब्रश तांब्यावर सरकतो आणि आपला अंश मागे ठेवतो. ही 'रेघ'च पुढच्या गोष्टीची नायिका आहे.

सगळ्या मोटरींना एकच ब्रश चालत नाही. मिक्सर-ड्रिलसारख्या वेगवान मोटरींसाठी राळेने बांधलेला, विजेला जास्त अडवणारा ग्रॅफाइट वापरतात. मोटारीच्या स्टार्टरला क्षणभर पण प्रचंड वीज लागते, म्हणून त्याच्या ब्रशमध्ये तांब्याची भुकटी मिसळतात. मोठ्या कारखान्यांतल्या यंत्रांना इलेक्ट्रोग्रॅफाइट, तर नाजूक उपकरणांना चांदी मिसळलेला ब्रश.

न झिजणारा का नको?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रश दगडासारखा कठीण केला तर? तो टिकेल, पण त्याच्याऐवजी तांबे झिजेल. ब्रश बदलायला दहा मिनिटे लागतात, कॉम्युटेटर बदलायचा तर जवळजवळ मोटरच बदलावी लागते. म्हणून झिजण्याचे काम मुद्दाम स्वस्त भागाकडे सोपवले आहे. उगाळताना सहाणेने नव्हे, चंदनाने झिजायचे असते. टिकाऊ ब्रश म्हणजे स्वतः कमी झिजणारा, पण तांब्याला ओरखडाही न काढणारा.

हे साधते एका अतिशय पातळ पापुद्र्यामुळे. चांगल्या चालणाऱ्या मोटरीचा कॉम्युटेटर नव्या भांड्यासारखा लखलखीत नसतो. तो कॉफीच्या किंवा चॉकलेटच्या रंगाचा, सारखा तकतकीत दिसतो. तांब्याचा ऑक्साइड, ग्रॅफाइटचे कण आणि हवेतला ओलावा यांनी बनलेला हा पापुद्रा ब्रश आणि तांबे यांच्यामध्ये गादीचे काम करतो. नवशिके कारागीर कधी कधी 'काळा पडला' म्हणून तो घासून चकचकीत करतात आणि मग ब्रश आणखीच झपाट्याने संपतो. बिडाचा तवा घासून पांढरा केला की पहिली चार धिरडी चिकटतात, त्यातलाच हा प्रकार.

विमाने उंच गेली आणि ब्रश संपले

या पापुद्र्यात पाण्याचा वाटा किती मोठा आहे, हे जगाला कळले ते दुसऱ्या महायुद्धात. शत्रूच्या तोफा टाळण्यासाठी बॉम्बफेकी विमाने अधिकाधिक उंचावरून उडू लागली आणि एक विचित्र दुखणे उद्भवले. जमिनीवर शेकडो तास टिकणारे जनित्रांचे ब्रश वीस-तीस हजार फुटांवर तासाभरातच भुकटी होऊन संपू लागले. वीज नसली तर विमानातला रेडिओ, उपकरणे, सारेच मुके. हाडे गोठवणाऱ्या थंडीत, शत्रूच्या मुलुखावर, एका काळ्या तुकड्यापायी सगळ्यांचे प्राण टांगणीला!

ग्रॅफाइटचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून घसरतात म्हणून तो मुळातच गुळगुळीत आहे, अशी तोवर समजूत होती. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या रॉबर्ट सॅव्हेज याने निर्वात पात्रात प्रयोग केले. निर्वातात ग्रॅफाइट तांब्यावर घासला की त्याची धूळ होई. पात्रात पाण्याची किंचित वाफ सोडली की झीज थांबे! त्याने १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रॅफाइटच्या थरांच्या कडा चिकटू पाहतात आणि पाण्याचे रेणू त्या कडांना शांत करतात. म्हणजे ग्रॅफाइटचे वंगण खरे तर हवेतल्या ओलाव्याच्या जोरावर चालते. उंचावरची हवा विरळ आणि गोठलेली, तिच्यात ओलावा नावालाही नाही. म्हणून तिथे ब्रशची धूळ होत होती.

उपाय युद्धकाळातच सापडला होता. ब्रश सच्छिद्र असतो. त्याच्या छिद्रांत बेरियम फ्लोराइडसारखे काही विशिष्ट क्षार मुरवले, तर पाण्याविनाही तांब्यावर टिकाऊ पापुद्रा धरतो. लोणच्याची फोड मुरते तसाच ब्रशही मुरवायचा. पुढे मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे ग्रॅफाइटसारखेच थरांचे, पण कोरड्यात उत्तम चालणारे वंगण आले. अंतराळयानांतल्या फिरत्या जोडांत चांदीबरोबर त्याचाच उपयोग करतात. लडाखसारख्या उंच, थंड आणि कोरड्या प्रदेशातही हीच अडचण येते. याउलट कोकणातल्या पावसाळी हवेत ब्रशला ओलाव्याचे दुर्भिक्ष नाही, तिथे खाऱ्या हवेने तांबे गंजण्याचा त्रास असतो. हवेच्या एका घनमीटरमध्ये आठ ते पंधरा ग्रॅम पाण्याची वाफ असली, की ब्रश सुखी असतो.

ना कमी, ना जास्त

ब्रशचे आयुष्य मध्यममार्गावर चालते. स्प्रिंग ढिली असली तर ब्रश उड्या मारतो, ठिणग्या उडतात आणि टोक जळते. म्हणून कुणी स्प्रिंग ताणून घट्ट केली, तर घर्षणाने तो भराभर झिजतो. कारखान्यातल्या स्थिर यंत्रांत दर चौरस सेंटिमीटरला साधारण १८० ते २०० ग्रॅम दाब ठेवतात. रेल्वेच्या मोटरींना रुळांचे हादरे बसतात, म्हणून तिथे जवळपास दुप्पट. शिवाय हादरा झेलण्यासाठी रेल्वेचा ब्रश दोन फाकांत कापून डोक्यावर रबराची गादी बसवतात.

विजेच्या भाराचेही तसेच. जास्त भार टाकला तर ब्रश तापतो हे कुणालाही पटेल. पण फार कमी भारावरही तो झिजतो, हे ऐकून नवल वाटेल. पापुद्रा टिकून राहायला ठरावीक वीज वाहावी लागते. यंत्र कायम हलक्या भारावर चालणार असेल, तर जाणकार अभियंते चक्क काही ब्रश काढून ठेवतात, म्हणजे उरलेल्यांना पुरेसे काम मिळते. रिकामपण माणसालाच नव्हे, कार्बनलाही मानवत नाही!

सर्वांत छुपा शत्रू म्हणजे सिलिकोन. फटी बुजवण्याच्या सिलिकोनची किंवा काही स्प्रेंची किंचित वाफ बंदिस्त मोटरीत शिरली, तरी ठिणग्यांच्या उष्णतेत तिच्यापासून वाळूसारखे कठीण कण तयार होतात आणि ब्रश सहाणेवर घासल्यासारखा संपतो. तेल-ग्रीसचे थेंब आणि दगडी धूळ हेही वैरीच.

सारे नीट जमले, तर मोठ्या यंत्रातला चांगला ब्रश हजार तासांना जेमतेम दोन-चार मिलिमीटर झिजतो. म्हणजे तीन सेंटिमीटर झिजण्याजोगा ब्रश रात्रंदिवस चालूनही वर्षभर पुरतो.

लोकलपासून वीजकेंद्रापर्यंत

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. तेव्हापासून कित्येक दशके मुंबईकरांची चाके कार्बन ब्रशच्या मोटरींनी फिरवली. जुन्या डब्यांतल्या पंख्यांतही ब्रश असत. बटण दाबूनही न हलणाऱ्या पंख्याला कंगव्याने ढोसून सुरू करणारे प्रवासी अनेकांना आठवत असतील. बऱ्याचदा त्यामागे अडकलेला किंवा झिजलेला ब्रशच असे.

पुढे पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मार्गांवर २०१६ पर्यंत २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. नव्या गाड्यांच्या मोटरींत कॉम्युटेटर नाही आणि ब्रशही नाही. घरातही बीएलडीसी पंखे आणि इन्व्हर्टर वॉशिंग मशीन आली, ती ब्रशविनाच. मग ब्रशचे दिवस संपले का? तसे नाही. त्याच नव्या गाड्यांच्या आसांवर, वीज बेअरिंगमधून न जाता रुळात उतरावी म्हणून, ब्रश टेकलेले असतात. अनेक वीजकेंद्रांत जनित्राच्या फिरत्या चुंबकाला वीज पोचवतात ते ब्रशच. मोठ्या जनित्रावर ते डझनावारी असतात आणि यंत्र चालू असतानाच एकेक करून बदलले जातात. ते काम करणारा तंत्रज्ञ रबरी चटईवर उभा राहून, सैल कपडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवून हात घालतो. क्षणाची गफलतही परवडत नाही. तिथे धन आणि ऋण कड्यांची झीज सारखी नसते, म्हणून ठरावीक काळाने त्यांची अदलाबदल करतात. अनेक पवनचक्क्यांच्या माथ्यावरही ब्रश आहेत, आणि ते बदलायला उंच मनोरा चढावा लागतो. त्यामुळे तिथे ब्रश सहा महिने जास्त टिकला, तर त्याचे मोल फार मोठे. एवढेच कशाला, बीएमडब्ल्यू आणि रेनॉच्या काही विजेच्या मोटारींत दुर्मिळ धातूंची चुंबके टाळण्यासाठी कडी आणि ब्रश पुन्हा आले आहेत!

घरच्या घरी ध्यानात ठेवा

• घरच्या मिक्सरचा रोजचा वापर दहा मिनिटांचा असेल, तर वर्षाला साधारण साठ तास होतात. खाणावळ, फराळ किंवा मसाल्याच्या उद्योगात रोज तीन तास चालला, तर वर्षाला हजार तास. अशा उद्योगात दर दोन-तीन महिन्यांनी कार्बन तपासून घ्यावेत आणि एक जोडी घरात आणून ठेवावी.

• बारीक, क्वचित दिसणारी ठिणगी चालते. कॉम्युटेटरभोवती कडे करणारी ठिणगी, जळका वास, अडखळत सुरू होणारी मोटर ही इशाऱ्याची घंटा. लगेच बंद करून प्लग काढा.

• मूळ लांबीच्या एक तृतीयांश उरला की ब्रश बदलावा. नेहमी जोडीने बदलावा. एक जुना, एक नवा किंवा दोन निरनिराळ्या जातींचे ब्रश घालू नयेत.

• मॉडेलप्रमाणेच ब्रश घ्यावा. 'घासून बसवतो' म्हणणाऱ्याला नकार द्यावा. आकार जमला, तरी जात जमेलच असे नाही.

• नवा ब्रश कॉम्युटेटरच्या गोलाईला बसवण्यासाठी बारीक पॉलिश पेपर वापरतात. एमरी पेपर कधीही नाही. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात. नंतर काळी भुकटी झटकून घ्यावी आणि पहिली काही मिनिटे मोटर रिकामीच चालवावी.

• हळकुंडासारखे कठीण जिन्नस आधी खलबत्त्यात कुटून मगच मिक्सरला लावावेत. भांडे गच्च भरू नये, दर काही मिनिटांनी विश्रांती द्यावी.

• मोटरीत तेल किंवा कुठलाही स्प्रे मारू नये. उघडण्याचे काम जाणकारानेच करावे.

आमच्या काकूंनी नवे आर्मेचर बसवले त्याला आता तीन दिवाळ्या होऊन गेल्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलेंडरच्या तारखेशेजारी आता 'कार्बन' अशीही एक नोंद असते. मसाल्याच्या डब्याजवळ, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत, नव्या ब्रशची एक जोडी ठेवलेली आहे. मध्यंतरी मिस्त्रींनी मिक्सर उघडला, कॉम्युटेटरवरचा कॉफीच्या रंगाचा पापुद्रा पाहिला आणि झाकण परत लावले. "काकू, सध्या काही करायला नको," एवढेच म्हणाले आणि चहा घेऊन निघून गेले.